प्रेमानं दिलेली कवळी

लीकाकांची आणि माझी ओळख अळूच्या पानांवरून झाली. न्यू जर्सीत, एडिसनला ओक ट्री रोडवरच्या एका वाणसामानाच्या दुकानात मी पानं उलटीसुलटी करत उभी होते. दोन हजार चार साल असेल. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, ती घिऊ नगा. घसा धरंल."

वळून पाहिलं तर मागे फक्त एक चिनी गृहस्थ. साठीला टेकलेले, बुटके, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल आणि सँडलमध्ये मोजे. मी त्यांच्याही मागे कोणी आहे का ते बघितलं. असं बघणारी मी पहिली नसणार, कारण ते शांतपणे म्हणाले, "मीच बोललो. वडीला काळ्या देठाचं अळू घ्यावं."

मग मी तेच विचारलं जे परदेशात भेटलेला मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला नाव विचारायच्याही आधी विचारतो. तुम्ही मूळचे कुठले? हा माणूस चिनी आहे हे डोळ्यांना दिसत असूनही मी ते विचारलं, आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. जिल्ह्याचं गाव, रेल्वेचं जंक्शन, एवढं पुरे. मी दुकानातच ओरडले की अय्या, माझे अप्पा होते ना तिथे नोकरीला, माझ्या जन्माच्या आधी.

"कुठल्या खात्यात?" त्यांनी विचारलं.

"पोलिसात. फौजदार होते. बासष्टची लढाई झाली तेव्हा तिथेच होते."

लीकाकांनी काळ्या देठाची एक जुडी निवडली, झटकली आणि माझ्या टोपलीत ठेवली. "येत्यात का हिकडं कवा?" असं त्यांनी विचारलं. येतील की सहा महिन्यांसाठी, मी म्हटलं. त्यानंतर दर भेटीत ते एकदा तरी विचारायचेच, अप्पा कवा येणार? मला त्याचं फार कौतुक वाटायचं. गावचं माणूस म्हणून किती जीव लावतात, असं मी नवऱ्याला सांगत असे.

लीकाकांचे वडील त्या गावातले 'चिनी डाक्तर'. त्या काळी आपल्याकडे बऱ्याच गावांत दातांचे असे चिनी डॉक्टर होते. स्टेशनजवळ दुकान, वर बिऱ्हाड, दारावर रंगवलेल्या दोन कवळ्यांची पाटी. लीकाका दुकानाच्या वर जन्मले आणि नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले. लढाईनंतर काही वर्षांनी वडील वारले, कुटुंब कलकत्त्याला गेलं, तिथून नातेवाइकांच्या मागे मागे ते न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये पोचले. ते तिथेच राहायचे आणि एका तळघरात कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करायचे. बायको वारलेली, एक मुलगी टेक्ससमध्ये. रविवारी ट्रेननं एडिसनला यायचे ते ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला.

माणसाकडे बघताना ते आधी तोंडाकडे बघत. कोण कुठल्या बाजूनं चावतं हे त्यांना पहिल्या घासाला कळे. आणि सगळ्या दुखण्यांवर त्यांचा एकच सल्ला होता, घास लहान घ्या. आम्ही घराचं कर्ज काढायला निघालो तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं आणि माझं नणंदेशी वाजलं तेव्हाही तेच. 'आमच्याकडं' म्हणजे त्यांच्या लेखी ते जंक्शनचं गाव. चीन त्यांनी कधी बघितलाच नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना विशेष काही म्हणायचंही नसे.

आणखी एक सवय होती. निघताना ते दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "निघू का?" आपण 'हो, या' म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. एकदा मी फोनवर होते तर बिचारे अंगात कोट घालून तसेच उभे राहिले, बूटसुद्धा घालून झालेले. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, काय जुन्या वळणाची माणसं असतात ना. मीही म्हणायचे.

मंडळाच्या गणपतीला मी त्यांना घेऊन गेले. आरतीला ते टाळ घेऊन उभे राहिले आणि घालीन लोटांगणला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. लोकांना गंमत वाटली, फोटो निघाले. पुढच्या वर्षी आनंदमेळाव्याच्या वेळी समितीनं मोठ्या आपुलकीनं त्यांना स्टॉल दिला. कसला, तर मंचुरियनचा. एका बाईंनी मला फोन करून सांगितलं, "ऑथेंटिक होऊन जाईल गं, आपण फ्लायरवर टाकू." लीकाका नाही म्हणाले नाहीत. त्यांनी शेंगोळी करून आणली, कुळथाच्या पिठाची, लसणाच्या वाटणात उकडलेली. पाटी मात्र 'चायनीज'चीच लागली होती. मुलं येऊन पातेल्यात डोकावायची, "इज धिस नूडल्स?" विचारायची आणि पिझ्झाकडे जायची. दुपारभर ते त्या पाटीखाली उभे होते. मीसुद्धा त्या समितीत होते. मला त्या दिवशी तोंड लपवावंसं वाटलं होतं, पण खरी लाज काय असते हे मला तेव्हा कळायचं होतं.

लीकाकांचा खरा दरबार भरायचा चायनाटाउनला. अमेरिकेत मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईबाप ही आमच्याकडची एक वेगळीच जमात आहे. गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्याशी बोलता येत नाही, दुपारी घड्याळाकडे बघत बसायचं. अशा पाच-सहा जणांना गोळा करून लीकाका रविवारी आपली वस्ती दाखवायला न्यायचे. कधी मी सोबत जाई. एडिसनहून ट्रेन, मग सबवे, आणि कॅनाल स्ट्रीटला जमिनीतून वर आलं की माश्यांचा वास. तिथेच आज्यांचे चेहरे उजळत. रस्त्यावर ओट्यांवर मांडलेली भाजी, घासाघीस, पाण्याचे ओघळ. महिना-दोन महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काकडी बघून कंटाळलेल्या बायका कारली हातात घेऊन दाबून बघायच्या. कमळकाकडी, अळकुड्या, आलं, मोहरीचा पाला. लीकाका पुढे चालत आणि ओळख करून देत. हा आपल्या मंडईचा कोपरा समजा. हे बोहरी गल्लीतलं अत्तराचं दुकान समजा, फक्त बाटलीत औषधाच्या मुळ्या हायत.

एका साताऱ्याच्या आजोबांनी काटेरी ड्युरियन बघितला आणि हा फणसच, मला शिकवू नका, म्हणून विकत घेतला. परतीच्या ट्रेनमध्ये त्याचा उग्र वास पिशवीतून बोलायला लागला. माणसं उठून दुसऱ्या डब्यात जाऊ लागली. आजोबा म्हणाले, बरा फणस आहे, जागा करून देतो. पुढच्या रविवारी हे ऐकून लीकाका इतके हसले की त्यांना उचकी लागली.

पण त्या गल्ल्यांत लीकाकाही पाहुणेच होते, हे मला हळूहळू दिसलं. दुकानदार बायका त्यांच्याशी इंग्रजीत बोलत, कारण तिथली भाषा त्यांना येत नव्हती. एका भाजीवालीनं एकदा मला विचारलं, हा इंडियन तुमचा कोण? ते तिच्या समोरच उभे होते.

वस्ती दाखवताना एका वाकड्या गल्लीत ते नेहमी थांबायचे. गल्ली कोपरासारखी मध्येच वळलेली, दोन्ही बाजूला जुनी अरुंद घरं, लोखंडी जिने. तिथे ते सांगायचे, की पूर्वी इथे नुसते पुरुष राहायचे. एका खोलीत दहा दहा. रेल्वे बांधायला, कपडे धुवायला आलेले. सरकारनं कायदा केला, त्यांना बायकापोरं आणता येईनात. गावी भेटायला गेलं तर परत येऊ देतील याची खात्री नाही. कितीक जण तसेच म्हातारे झाले आणि गेले. आज्या हळहळायच्या. एवढी सुधारलेली माणसं आणि असं वागावं, म्हणायच्या. लीकाका म्हणायचे, "सगळीकडं असतंया आजी," आणि पुढे चालू लागायचे.

आता कवळीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात काही गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या जातात, त्यातली ही सगळ्यात लाडकी. माझ्या आजीला, म्हणजे अप्पांच्या आईला, पन्नाशीतच एक दात उरला नव्हता. अप्पा तेव्हा नवे फौजदार, त्या जंक्शनच्या गावी. तिथला चिनी डॉक्टर अप्पांवर इतका खूश, की त्यानं आठ दिवसांत आजीला कवळी करून दिली आणि एक पैसा घेतला नाही. 'प्रेमानं दिली' हे पालुपद. आजी त्या कवळीनं शेवटपर्यंत शेंगदाणे फोडत होती. रात्री कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात असायची आणि आम्ही पोरं वाटीपुढे तोंड वाकडं करून हसायचो. सणाला, लग्नात, कोणी ना कोणी म्हणायचंच, अप्पा, चिनी डॉक्टरची गोष्ट सांगा. गोष्ट इतकी आमची झाली होती की त्यातला डॉक्टर खरा माणूस असेल, त्याला मुलंबाळं असतील, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. लीकाका भेटल्यावर आलं, आणि मी खुळ्यासारखी आनंदले. म्हटलं, अप्पा आले की दोघांना समोरासमोर बसवायचं, आणि लीकाकांना ती गोष्ट अप्पांच्याच तोंडून ऐकवायची.

अप्पा दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. सत्तरीचे, ताठ, मिशी अजून पोलिसाची. मी रविवारी लीकाकांना जेवायला बोलावलं. अप्पांना एवढंच सांगितलं होतं की तुमच्या त्या गावचे एक काका येणार आहेत. दारात चिनी माणूस बघून अप्पा क्षणभर थबकले, मग लीकाकांनी गावाचं आणि दुकानाचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा फुलला.

"म्हणजे आपल्या चिनी डॉक्टरांचे तुम्ही कोण?"

"धाकटा मुलगा, साहेब."

अप्पांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यात काही खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. त्यांना मनापासून आनंद झाला होता. पानावर बसल्यावर मी गोष्टीची आठवण करून देण्याची गरजही पडली नाही. त्यांनी आपणहून सुरुवात केली. तुमच्या वडिलांनी आमच्या आईवर काय माया केली हो, आठ दिवसांत कवळी, पैसे विचारले तर हात जोडले, असा माणूस होणे नाही. मी पुऱ्या वाढत होते आणि हसत होते. लीकाका लहान लहान घास घेत ऐकत होते.

गोष्ट संपल्यावर ते पाणी प्याले. "खरं हाय," ते म्हणाले. "वरची बाजू मीच घासून दिलती. त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट हाय साहेब. ती बी सांगा की."

अप्पांना कळेना कुठली.

मग ती लीकाकांनी सांगितली. आवाज न चढवता, जेवता जेवता. लढाईनंतर गावातल्या चिनी माणसांना दर सोमवारी पोलिसांत हजेरी द्यावी लागायची. त्यांच्या वडिलांचा जन्म भारतातलाच, तरीसुद्धा. लीकाका वडिलांबरोबर जायचे. टेबलापुढं उभं राहायचं, नाव सांगायचं, आणि साहेबांनी हात हलवेपर्यंत थांबायचं. गावाची हद्द ओलांडायची तर परवानगी हवी. लीकाकांची आजी मुंबईला माझगावला राहायची, तिथे त्यांच्या लोकांची जुनी वस्ती होती. तिची तार आली, फार आजारी आहे, मुलाला भेटायचंय. वडील सोमवारी अर्ज घेऊन गेले. फौजदारसाहेबांची सही झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. साहेब म्हणाले, बघू. आणि मग म्हणाले, डॉक्टर, आमच्या आईला दात नाहीत हो, जेवताना फार हाल होतात बिचारीचे.

"आम्ही बापलेक आठ दिवस दुकानातनं उठलो न्हाई," लीकाका म्हणाले. "पुढच्या सोमवारी बाबांनी कवळी दिली, तवा तुम्ही सही केली. वर म्हणालात, आमच्या आईचा आशीर्वाद लागंल तुम्हाला. बाबा माझगावला पोचले तवा आजीला पुरलेलं हुतं."

अप्पा म्हणाले, "मला असं काही आठवत नाही."

कवळी आठवत होती. आठ दिवस आठवत होते. जोडलेले हात आठवत होते. माझ्या हातात पुऱ्यांचं ताट होतं आणि ते कुठे ठेवावं हे मला सुचत नव्हतं. लीकाकांनी पान स्वच्छ केलं, उठून हात धुतले. दारात गेले, बूट घातले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "निघू का?"

दोन वर्षं मी ज्याला वळण समजत होते ते त्या टेबलापुढचं होतं. मला 'या' म्हणता येईना. हो म्हणायचा अधिकार माझ्याकडे कुठून आला, ही एकच गोष्ट डोक्यात. शेवटी माझ्या मागून नवराच म्हणाला, या काका.

त्या रात्री अप्पांनी जी उत्तरं दिली ती सगळ्यांना ठाऊक असलेलीच. तेव्हा कायदा होता. युद्ध झालं होतं, माणसं मेली होती. वरून ऑर्डर होत्या. आम्ही काय घरचं करत होतो?

"कवळी घरचीच होती," मी म्हटलं.

ते उठून खोलीत गेले. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि आमच्या घरातल्या वस्तू आठवत बसले. दर मे महिन्यात येणाऱ्या आंब्याच्या पेट्या. आईचा गर्द निळा शालू. माझी पहिली सायकल. प्रत्येकीची काही ना काही गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्टीत कोणीतरी ती प्रेमानं दिली होती. अप्पा लाचखाऊ नव्हते, असं आम्ही अभिमानानं सांगत आलो. पैशाला त्यांनी खरंच कधी हात लावला नाही. लोक प्रेमच इतकं करायचे. मला त्या सायकलवरून शाळेत जाताना किती ऐट वाटायची ते आठवलं. आजीची तर मला इतकी लाज वाटली की काय सांगू, आणि तिचा त्यात काहीच दोष नव्हता. तिला तर कळलंसुद्धा नसेल.

मला लीकाकांना तोंड दाखवायचं नव्हतं, पण त्यांचाच फोन आला. रविवारी पाच जण हायत, येताय का? आवाज नेहमीचाच. मी काहीतरी सबब सांगितली. असे तीन-चार रविवार गेले. अप्पांच्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ येऊ लागली आणि मला एकच गोष्ट हवी होती. जाण्यापूर्वी अप्पांनी लीकाकांशी एक वाक्य बोलावं. चुकलं, एवढं. मी त्यांना तसं सरळ सांगितलं. त्यांनी पेपर वाचत असल्याचं दाखवलं. मग एका शनिवारी जेवताना आपणहून म्हणाले, "उद्या मला त्या चायनाटाउनला घेऊन चल." मी रात्रभर जागी होते, परीक्षेच्या आदल्या रात्री असते तशी.

लीकाका सबवेच्या तोंडाशी उभे होते. अप्पांना त्यांनी नमस्कार केला, "साहेब, जपून, गर्दी हाय" म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन निघाले. सोबत तीन आज्या आणि नागपूरचे एक निवृत्त प्राध्यापक. मी मुद्दाम मागे राहत होते, आज्यांना दुकानात गुंतवत होते, म्हणजे ते दोघे पुढे एकटे चालतील. ते चालले. पण मला ऐकू येत होतं ते असं की हा मासा कुठला, हे वाळवलेलं काय आहे, इथं भाडं किती. लीकाका प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते. अप्पा हात मागे बांधून, तपासणीला आल्यासारखे चालत होते.

मग ती वाकडी गल्ली आली. लीकाका थांबले आणि त्यांनी नेहमीचं सगळं सांगितलं. एका खोलीत दहा माणसं, कायदा, न भेटलेली बायकापोरं. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. आज्या हळहळल्या. आणि अप्पा, त्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून, मोठ्यानं म्हणाले, "काय माणसं! घरच्यांना भेटू द्यायचं नाही? असला कसला कायदा?"

म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला ते दिसलं. मान जरा खाली गेली, मिशीवरून हात फिरला. प्राध्यापक काहीतरी इतिहास सांगू लागले. लीकाका या वेळी 'सगळीकडं असतंया' न म्हणताच पुढे चालू लागले.

जवळच्या बागेत सगळे टेकले. तिथे चिनी म्हातारे दगडी टेबलांवर सोंगट्या खेळत असतात, बायका पत्ते कुटत असतात, कोणी दोन तारांचं वाद्य वाजवत असतं. आज्या पत्ते बघायला गेल्या. एका बाकावर अप्पा आणि लीकाका बसले. मी मागे झाडाशी उभी राहिले. लांब जायला हवं होतं, पण गेले नाही.

अप्पा म्हणाले, "तेव्हा जे झालं त्याबद्दल मला..."

लीकाकांनी हात वर केला. "थांबा साहेब. माफी मागू नगा. तुम्ही मागितली की मला 'असू द्या' म्हणावं लागंल. आपल्यात तशीच रीत हाय. आणि मला त्ये म्हणायचं न्हाई."

"मग मी काय करू?"

"बाबा त्या सोमवारी तुमच्यापुढं उभे हुते. त्यांना तुम्ही म्हणायला पायजे हुतं, जा, आईला भेटून या. तेवढं एकदा म्हणा. मला ऐकू द्या."

सोपं होतं हो. चार शब्द, ज्यांचा कोणाला काही त्रास नाही, ज्यांना आता कुठला कायदा आडवा येत नाही. अप्पांचे ओठ हलले. त्यांनी समोर बघितलं, मग आपल्या हातांकडे बघितलं.

"मी आता रिटायर झालो," ते म्हणाले. "मला तसा काही अधिकार राहिला नाही."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता की टाळायचं नव्हतं. मी त्यांची मुलगी आहे, मला कळतं. त्यांनी खरोखरच आत कुठेतरी शोधून बघितलं आणि त्यांना सापडलं ते एवढंच. मला त्या वेळी वाटलं तसं पुन्हा कधीही वाटू नये. आपल्या बापाला आपण उघडं बघितलं असं वाटलं.

"तवा हुता," लीकाका म्हणाले.

मग ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पत्ते बघणाऱ्या आज्यांना हाक मारली, चला, भाजी राहिली घ्यायची. भाजी घेतली. एका आजीला आलं फार महाग वाटलं तर तिला दुसऱ्या ओट्यावर नेलं.

सबवेच्या पायऱ्यांशी त्यांनी एकेकीला हात देऊन उतरवलं. अप्पांची पाळी आली तेव्हा त्यांचंही कोपर धरलं आणि म्हणाले, "साहेब, पायरी उंच हाय." अप्पांनी धरू दिलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला, आणि कोणाचा झटकावा हे कळलं नाही. मी काही बोलण्याआधी लीकाका वर परत गेले होते. पुढे मी फोन केले, त्यांनी उचललेही, पण रविवार पुन्हा जुळला नाही, की मीच जुळू दिला नाही. दोन वर्षांनी ते मुलीकडे टेक्ससला राहायला गेल्याचं दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे, पायऱ्यांच्या वर, मागे कॅनाल स्ट्रीटचा उजेड, हातात कोणाची तरी विसरलेली कोथिंबिरीची जुडी. ते खाली बघत होते. आमच्यातलं कोणी मागे वळून बघतं का ते बघत असावेत. मी बघितलं. अप्पा फलाटाकडे चालत होते.

गाडी येऊन थांबली, दारं उघडली, आतून लोंढा बाहेर आला. अप्पांनी मागून माझ्या खांद्याला हलकेच ढकललं.

"जा," ते म्हणाले, "जा, जा, पुढं हो, जागा धर."